नॉटपेडपासून प्रीपेडपर्यंत

निरोप पोचविण्याचे पैसे कोणी द्यावेत, धाडणाऱ्याने की घेणाऱ्याने, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु गेल्या पावणेदोनशे वर्षांचा टपालाचा आणि टेलिफोनचा इतिहास चाळून पाहिला, तर तो पुन्हा पुन्हा या प्रश्नापाशी येऊन थांबतो असे दिसेल. ज्या ज्या वेळी हा खर्च घेणाऱ्याच्या माथी बसला, त्या त्या वेळी गरीब माणसाने निरोप घेणेच टाळले, नाहीतर काहीतरी युक्ती शोधून काढली. ज्या वेळी तो धाडणाऱ्याने सोसावा असे ठरले, त्या वेळी सामान्यांच्या घरी निरोपांची ये-जा वाढली.

या इतिहासात मी शिरलो त्याचे कारण मात्र अगदी घरगुती आहे. माझी आत्या यवतमाळ जिल्ह्यातील कळंबला राहते. कळंब म्हणजे चिंतामणीचे गाव. इंद्राने गौतम ऋषींच्या शापातून सुटण्यासाठी येथे गणपतीची स्थापना केली अशी कथा आहे, आणि जमिनीच्या पातळीखाली असलेल्या त्या देवळात आजही पायऱ्या उतरूनच जावे लागते. आत्याजवळ बटणांचा साधा मोबाइल आहे. तिचा मुलगा पुण्याला आणि मुलगी नागपूरला. ती स्वतः आठवड्यातून दोन-चार फोन करते; एरवी तो फोन येण्यासाठीच उशाशी असतो. तिच्यासाठी स्वस्तातला प्लॅन निवडण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा ती म्हणाली, “मले काय कराचं त्या इंटरनेटचं? पोराचा फोन आला का झालं. त्याले महिन्याचे दोनशे रुपये कायले लागते?”

आत्याच्या या प्रश्नाचे उत्तर दुकानदारापाशी नव्हते. ते इतिहासात सापडते, म्हणून थोडे मागे जाऊ.

आमचा वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. त्या काळी पत्राची हशील वजनावर आणि अंतरावर ठरत असे. कलकत्त्याहून मुंबईला तोळाभर पत्र धाडायचे तर एक रुपया पडे. तो धाडणाऱ्याने दिला तरी चाले, न दिला तर घेणाऱ्याकडून वसूल होई. आता ज्याच्या घरी रुपयाची चणचण, त्याने दाराशी आलेले पत्र सोडवावे कसे? इंग्लंडातही हीच रीत होती. तेथील टपालसुधारक रोलंड हिल यांनी या संदर्भात कवी कोलरिज यांची एक हकीकत सांगितली आहे. एका बाईने पोस्टमनच्या हातातले पत्र पैसे नाहीत म्हणून परत केले. कोलरिजना दया आली व त्यांनी पैसे भरून ते पत्र सोडविले. पोस्टमन गेल्यावर बाईने सांगितले, की आत काहीच लिहिलेले नाही! भावाने ठराविक दिवसांनी कोरा कागद धाडायचा. तो आला म्हणजे भाऊ खुशाल आहे असे समजायचे, आणि पत्र तसेच परत करायचे. निरोप पोचला, पैसा वाचला.

हिल यांच्या खटपटीने इंग्लंडात १८४० साली एका पेनीचे सरसकट टपाल सुरू झाले. आपल्याकडे १८५२ साली सिंधमध्ये बार्टल फ्रिअर यांनी तिकिटे काढली. हेच फ्रिअर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. १ ऑक्टोबर १८५४पासून सबंध देशासाठी अर्ध्या आण्याचे टपाल चालू झाले. अंतर कितीही असो, हलक्या पत्राला अर्धा आणा. तिकीट धाडणाऱ्याने आधी लावायचे. न लावल्यास घेणाऱ्याकडून दुप्पट वसुली. आपल्या घरांतून ‘नॉटपेड’ म्हणून ओळखले जाणारे पत्र ते हेच. १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि खेड्यापाड्यांतून खुशाली फिरू लागली. आपण आज ज्याला प्रीपेड म्हणतो त्याचा पहिला अवतार म्हणजे हे पोस्टकार्ड. फरक एवढाच, की विकत आणलेले कार्ड फडताळात सहा महिने पडून राहिले तरी त्याची मुदत सरत नसे. ज्याला वर्षातून चारच पत्रे लिहायची त्याने चारच कार्डांचे पैसे द्यावेत, इतका तो व्यवहार सरळ होता.

टेलिफोनचा संसार सुरुवातीपासून श्रीमंती थाटाचा. २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे टेलिफोनची एक्स्चेंजे उघडली, तेव्हा कलकत्त्याच्या एक्स्चेंजचे ग्राहक होते ९३. पुढे कित्येक दशके फोन हा डॉक्टर, अडत्या आणि कचेरी यांच्याकडेच असायचा. मध्यमवर्गीयांच्या पत्त्याच्या वहीत नंबरापुढे ‘पी.पी.’ ही दोन अक्षरे असत. म्हणजे फोन शेजाऱ्याचा, बोलावून आणण्याचे उपकार त्याचे. ट्रंक कॉल लावावा, तास-दोन तास वाट पाहावी, आणि कनेक्शन मिळाल्यावर तीन मिनिटांच्या धाकात “इकडे सर्व ठीक, तिकडे?” एवढेच बोलून ठेवून द्यावे. नोव्हेंबर १९६०मध्ये लखनौ आणि कानपूर यांच्या दरम्यान एसटीडी सुरू झाली. ऐंशीच्या दशकानंतर पिवळ्या पाट्यांचे पीसीओ नाक्यानाक्यावर दिसू लागले. रात्री उशिरा पाव दर लागे, म्हणून माणसे जेवणे आटोपून बूथबाहेर रांग लावीत. हा काळ गैरसोयीचा खरा, परंतु अधूनमधून फोन करणाऱ्याच्या सोयीचाही होता. बोलाल तेवढे पैसे द्या. महिनाभर बोलला नाहीत तर एक पैसाही नाही.

मग मोबाइल आला. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी पहिले संभाषण केले. नवलाची गोष्ट ही, की या अत्याधुनिक यंत्राने हिशेबाची रीत मात्र नॉटपेड पत्राची उचलली. बोलणाऱ्याला पैसे पडत, आणि ऐकणाऱ्यालाही पडत! खिशात घंटी वाजली, की माणूस आधी नंबर पाही आणि मग उचलायचा की नाही ते ठरवी. १८५४ साली जो प्रश्न सुटला असे वाटले होते, तो पुन्हा दाराशी येऊन उभा राहिला. अखेर १ मे २००३पासून येणारे कॉल फुकट झाले. अर्ध्या आण्याच्या टपालाइतकीच ही तारीख महत्त्वाची आहे, असे माझे मत आहे. कारण त्या दिवसापासून मोबाइल ही चैनीची वस्तू राहिली नाही. भाजीवाल्याने, गवंड्याने, शेतकऱ्याने तो घ्यावा, दहा रुपयांचा रिचार्ज टाकावा आणि दोन महिने फिरावे, हे शक्य झाले.

याच काळात आपल्या लोकांनी कोलरिजच्या त्या बाईला शोभेल अशी युक्ती काढली. तिचे नाव मिस्ड कॉल. एक घंटी म्हणजे सुखरूप पोचलो. दोन घंट्या म्हणजे तूच फोन कर. पेपरात कोणी जाहिरात दिली नाही, शाळेत कोणी शिकविले नाही, तरी साऱ्या देशाने हा संकेत आत्मसात केला.

दरही उतरत गेले. १ मार्च २००६पासून बीएसएनएलने देशभर कोठेही एका रुपयात मिनिटभर बोलण्याची सोय केली. शंभर मैल आणि हजार मैल सारखे झाले. जून २००९मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा हा हिशेब आणला आणि बाकीच्यांना त्यामागे धावावे लागले. त्याआधी, डिसेंबर २००५मध्ये, एअरटेलने ९९९ रुपये एकदा भरून ‘आजीवन’ येणारे कॉल घेण्याची योजना काढली होती. आजीवन म्हणजे कोणाचे जीवन, असा प्रश्न पुढे निघालाच. उत्तर मिळाले, की कंपनीच्या परवान्याचे!

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ बाजारात उतरली आणि प्रारंभीचे काही महिने सारेच फुकट वाटले गेले. आता बोलण्याला किंमत उरली नाही; किंमत आली ती इंटरनेटला. जुन्या कंपन्यांची मिळकत घटली, काही बुडाल्या, काही एकमेकींत मिसळल्या. उरलेल्यांनी वह्या तपासल्या तेव्हा त्यांना दिसले, की नंबर घेऊन नुसते बसलेले, महिन्याकाठी पाच-दहा रुपयेही न देणारे ग्राहक कोट्यवधी आहेत. २०१८च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया यांनी २८ दिवसांना किमान ३५ रुपये भरलेच पाहिजेत असा दंडक घातला. खात्यात शिल्लक असूनही सेवा बंद होऊ लागली, तेव्हा नियामक मंडळाला, म्हणजे ‘ट्राय’ला, नोव्हेंबरमध्ये कंपन्यांना हटकावे लागले. परंतु दंडक राहिला तो राहिलाच. ३५चे पुढे ४९, ७९, ९९ असे होत गेले, आणि जुलै २०२४च्या दरवाढीनंतर एअरटेलचा २८ दिवसांचा प्लॅन १७९वरून १९९ रुपयांवर गेला. जिओचा १५५चा १८९ झाला.

आत्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. पूर्वी आपण वजन विकत घेत होतो, मग अंतर, मग मिनिटे. आता दिवस विकत घेतो. आत्या महिन्याला फार तर ४० मिनिटे बोलते. सेकंदाला एक पैसा या दराने त्याचे २४ रुपये होतात. उरलेली रक्कम ती कशाची भरते? तर घंटी वाजू देण्याची. नॉटपेड पत्र पुन्हा आले आहे. फक्त आता ते पोस्टमन दाराशी घेऊन येत नाही, महिन्याच्या आरंभीच त्याचे पैसे कापून घेतले जातात.

कंपन्यांची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. टॉवर हा आत्या बोलली तरी उभा असतो आणि न बोलली तरी. त्याची वीज, त्याचे भाडे, लहरींच्या परवान्याची फी चालूच असते. टपालखात्याचा पोस्टमनही गावात एकच पत्र असले तरी चालतच जाई. पण तो तोटा सरकार सोसत होते. आता तो कोणी सोसावा, एवढाच वाद आहे. मात्र जो सर्वांत कमी वापरतो त्याच्याकडून, तो कधी न उघडणाऱ्या इंटरनेटचेही पैसे घ्यावेत, हे मनाला पटत नाही.

ट्रायलाही ते पटले नसावे. २३ डिसेंबर २०२४ रोजी तिने नियम दुरुस्त करून सांगितले, की प्रत्येक कंपनीने केवळ बोलणे आणि संदेश एवढ्यापुरता निदान एक रिचार्ज ठेवलाच पाहिजे. खास रिचार्जची मुदतही ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत नेण्यास मोकळीक दिली. त्याप्रमाणे जानेवारी २०२५मध्ये एअरटेलने इंटरनेटवाचून ८४ दिवसांना ४६९ रुपये आणि ३६५ दिवसांना १८४९ रुपये असे दर ठेवले. जिओने ८४ दिवसांना ४४८ रुपये ठेवले.

दिवाळीत घरोघरी मुले-नातवंडे जमतात आणि आजी-आजोबांच्या फोनचा रिचार्ज कोणीतरी पाहतोच. म्हणून मी केलेला हिशेब सांगतो. दर बदलत राहतील, रीत तीच राहील. प्लॅनच्या किमतीला दिवसांनी भागावे. १९९ रुपयांना २८ दिवस म्हणजे रोजचे ७ रुपये ११ पैसे. ४६९ला ८४ म्हणजे ५ रुपये ५८ पैसे. १८४९ला ३६५ म्हणजे ५ रुपये ७ पैसे. दुसरे असे, की २८ दिवस म्हणजे महिना नव्हे. वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज लागतात. १९९चे तेरा म्हणजे २५८७ रुपये. वर्षाचे एकदम भरले तर ७३८ रुपये वाचतात. परंतु एकदम १८४९ काढणे ज्याला जड आहे, त्यालाच महाग पडते, हे विसरू नये. किराणा सुट्टा घेणाऱ्याला महाग पडतो, तसाच हाही प्रकार. तेथे मुलांनी पुढे व्हावे.

आणखी एक. २०१३च्या नियमाप्रमाणे नुसता वापर नाही म्हणून ९० दिवसांच्या आत प्रीपेड नंबर रद्द करता येत नाही, आणि खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर त्यानंतरही नाही. पण नंबर जिवंत राहणे निराळे आणि त्यावर घंटी वाजणे निराळे. बँकेचा, पेन्शनचा, आधारचा ओटीपी त्याच नंबरावर येतो, तेव्हा तो गमावणे परवडणारे नाही. सध्याच्या कंपनीचा प्लॅन महाग वाटला तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. ही सोय देशभर २० जानेवारी २०११पासून आहे. फोनवरून १९०० या क्रमांकाला पोर्ट हा शब्द आणि आपला नंबर असा संदेश धाडला, की संकेतांक मिळतो. मात्र त्याआधी आपल्या घराच्या माजघरात नव्या कंपनीची रेंज येते की नाही, हे शेजाऱ्याच्या फोनवर पाहून घ्यावे. ज्या फोनवर माजघरात रेंज नाही, तो स्वस्त असून काय उपयोग?

आत्यासाठी मी वर्षाचा, इंटरनेटवाचूनचा रिचार्ज घेतला. पैसे तिच्या पुण्याच्या मुलाने दिले, आणि ते मला योग्य वाटले. ज्याचे शब्द ऐकण्यासाठी फोन ठेवलेला आहे, त्यानेच तिकीट लावावे.

कळंबला रेल्वे पोचली ती २८ फेब्रुवारी २०२४ रोजी, वर्ध्याहून. इतर गावांत आगगाडीच्या रुळांशेजारून तारेचे खांब आले, मग टेलिफोन आले. येथे क्रम उलटा झाला. मोबाइल आधी आणि गाडी मागाहून. एवढ्या लांबवरचे बोल एवढ्या सहज या गावात येतात, हे खरोखर मोठे कौतुक आहे. ते येत राहावेत म्हणून घरी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला दर २८ दिवसांनी मुदतीची धास्ती बाळगावी लागू नये, एवढेच मागणे. १८५४ साली अर्ध्या आण्यात जी गोष्ट साधली होती, ती आज साधणे अवघड नसावे.