मिस्त्राल: शिशात ओतलेलं हस्ताक्षर

घाईघाईत हातानं लिहिल्यासारखी दिसणारी इंग्रजी अक्षरं आपण दुकानांच्या पाट्यांवर आणि जाहिरातींत नेहमी बघतो. आपल्याला वाटतं, कुणीतरी कुंचला उचलला आणि सहज फिरवला. पण या सहजतेमागं केवढी मेहनत असते, हे बघायचं तर ‘मिस्त्राल’ या टाइपाकडं जावं लागतं.

सावरकरांच्या उडीमुळं आपल्याला परिचित असलेलं मार्सेलिस, तिथली ही गोष्ट. ऑलिव्ह नावाची टाइप ओतणारी एक फाउंड्री तिथं होती. पॅरिसच्या बड्या फाउंड्र्यांशी तिची स्पर्धा. तिच्यासाठी रोझे एक्सकोफाँ यांनी १९५३ मध्ये हा टाइप घडवला आणि त्याला दक्षिण फ्रान्समधल्या जोरदार, थंड वाऱ्याचं नाव दिलं. हाताच्या वळणाचे टाइप त्याआधीही होतेच. अमेरिकेत रॉबर्ट स्मिथ यांचा ‘ब्रश स्क्रिप्ट’ १९४२ मध्ये आला होता.

आता अडचण काय होती, ते बघा. त्या काळात प्रत्येक अक्षर म्हणजे शिशाचा वेगळा खिळा. आपण हातानं लिहितो तेव्हा पुढचं अक्षर कुठलं हे आपल्याला ठाऊक असतं. त्याप्रमाणे आपण शेपटी वर नेतो किंवा खाली ओढतो. खिळ्याला मात्र आपला शेजारी कोण, हे कधीच माहीत नसतं. म्हणून प्रत्येक अक्षराची शेपटी अशा ठिकाणी संपायला हवी, की पुढं कुठलंही अक्षर आलं तरी सांधा जुळेल. मराठी जुळाऱ्याला हे नवीन नाही. आपली शिरोरेषा खिळ्याच्या कडेपर्यंत आणि एकाच उंचीवर आली नाही, तर शब्द फाटलेला दिसतो.

एक्सकोफाँ यांनी हा काटेकोर हिशेब सांभाळला आणि तो लपवलाही. अक्षरं ओळीवर थोडी वर-खाली डुलतात, कडा खरबरीत राहतात. शिस्त आहे, पण ती डोळ्यांना दिसत नाही.

पण एक गोष्ट खिळ्याला साधत नाही. एका शब्दात तेच अक्षर दोनदा आलं, की दोन्ही तंतोतंत सारखी! माणसाच्या हातून असं होत नाही. आपल्याकडं कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षकं रेखाटली, ती त्या त्या नाटकापुरती. तिथं अक्षर नाटकाच्या स्वभावाप्रमाणं वळलं. टाइप मात्र सगळ्यांसाठी एकच.

म्हणून फाँट आला म्हणजे पाट्या रंगवणाऱ्याचं काम संपलं, असं म्हणताना आपण जरा थांबायला हवं. ज्याला चित्रकार परवडत नाही, त्या छोट्या दुकानदाराला मिस्त्रालसारख्या टाइपांनी हाताचं वळण मिळवून दिलं, हे खरंच आहे. आज संगणकावरचे काही फाँट एकाच अक्षराची दोन-तीन रूपं आलटून पालटून वापरतात. म्हणजे यंत्र अजूनही हाताकडूनच शिकतंय. तो हात चालता राहिला, तरच त्याला शिकायला काही उरेल.