समोरचा वारा

परभणी जिल्ह्यात समुद्र नाही, गोदावरी आहे. गंगाखेडच्या घाटावरून पाहिली तर नाव वल्ह्यावर चालते आणि संतवाङ्मयातली नावही बहुधा तशीच, अलीकडून पलीकडे नेणारी. तिला वाऱ्याशी फारसे देणेघेणे नसते. ही नाव आपल्या मनात इतकी रुजलेली असते की, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या 'आज्ञापत्रा'तील आरमाराचे प्रकरण हाती आले म्हणजे गफलत होते. माझी झाली. वारा प्रतिकूल असेल तर बळ असूनही झुंज टाळावी, तरांडी आपल्या जंजिऱ्याच्या आश्रयास न्यावी, हा त्यातला आशय मी कित्येक वर्षे वर्गात 'सावधगिरी' या एका शब्दात उरकला.

वस्तुतः तो भूमितीचा प्रश्न आहे. कोणतीही शिडाची नाव थेट वाऱ्याच्या तोंडावर चालत नाही. वाऱ्याशी सुमारे 45 अंशांचा कोन राखून, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असे नागमोडी चढावे लागते. शीड आवळून धरायचे. त्याची पुढची कड फडफडू लागली की दोर आणखी ओढायचा किंवा नाव वाऱ्यापासून किंचित वळवायची. मात्र फार आवळले तर शीड ताठ दिसते, पण नाव पुढे जाण्याऐवजी कडेला घसरू लागते. लहान होडीत हे सारे एका हाताचे काम. कोकणच्या गलबतावर तसे नव्हते. तिथे त्रिकोणी वळणाचे शीड एका लांब, तिरक्या वाशाला बांधलेले; बाजू बदलायची तर तो वासा डोलकाठीभोवती फिरवावा लागे आणि त्यासाठी बहुधा नावेची पाठच वाऱ्याकडे करावी लागे. ('वारा पाहून पाठ फिरवावी' ही म्हण आपण संधिसाधूंसाठी राखून ठेवली आहे. असो.) त्या वळणात कमावलेले थोडे अंतर हातचे जाई. वाऱ्याच्या वरच्या अंगाला असलेला शत्रू मात्र हवे तेव्हा अंगावर येऊ शके.

याच ग्रंथात गुराबा फार थोर नकोत, फार लहान नकोत, वाऱ्यावाचून न चालणारी अवजड जहाजे तर नकोतच, असेही सुचवले आहे. त्यामागे अनुभव होता. 1679 साली खांदेरीच्या बांधकामाला अडवायला मुंबईकर इंग्रजांनी जहाजे धाडली, तेव्हा उथळ बुडाची, वल्ह्यांची मराठी गलबते रात्री त्यांच्यामधून निसटून बेटावर रसद पोहोचवीत. त्या ऑक्टोबरात दौलतखानाच्या ताफ्याने 'डव्ह' हे जहाज पकडले. पुढे 'रिव्हेंज'ने नेट धरून मारा केला, तेव्हा तो ताफा मागे वळला आणि नागोठण्याच्या खाडीत शिरला. पण बेट मराठ्यांकडेच राहिले.

हे प्रकरण पुन्हा शिकवायचे झाले, तर मी फळ्यावर आधी वाऱ्याचा बाण काढीन.