शिक्षकबदल्या आणि राजकीय हस्तक्षेप

शिक्षकबदल्या आणि राजकीय हस्तक्षेप (महाराष्ट्र) : जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाने कोणत्या गावी शिकवावे, हे नियमाऐवजी लोकप्रतिनिधीच्या किंवा कार्यकर्त्याच्या शिफारशीने ठरण्याचा प्रकार. सरकारी शाळांच्या कारभारातील राजकीय हस्तक्षेप भरती, बांधकाम, साहित्यखरेदी अशा अनेक वाटांनी होतो. महाराष्ट्रात त्याची सर्वांत रुळलेली वाट बदलीची आहे. शिक्षकाचे वेतन शासन ठरवते आणि चौकशीशिवाय त्याची नोकरी जात नाही. बदलता येते ते गाव. तालुक्याच्या ठिकाणालगतची ‘सोयीची’ शाळा आणि एस. टी. न पोचणारी वस्तीशाळा यांत पगाराचा फारसा फरक नसतो; मुलांचे शिक्षण, जोडीदाराची नोकरी, आईवडिलांचे आजारपण यांचा हिशेब मात्र पार बदलतो. बदलीच्या शिफारशीचे मोल त्यामुळेच मोठे.

लोकप्रतिनिधीलाही शिक्षक हवा असतो. गावात त्याच्या शब्दाला वजन असते, पालकांशी त्याचा रोजचा संबंध असतो आणि निवडणुकीत मतदान केंद्रावर बहुधा तोच नेमलेला असतो. शिक्षक संघटनांमागे मोठी मतदारसंख्या असते. प्राथमिक शिक्षकांना विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात मत नाही; तो माध्यमिक आणि त्यावरील संस्थांतील शिक्षकांपुरता आहे. तरीही या संघटनांचे नेते मंत्रालयापर्यंत वाटाघाटी करतात. हस्तक्षेप म्हणजे केवळ वरून आलेला दाब नव्हे. वशिला शोधणारा शिक्षकही या व्यवहारातला पक्षकार असतो.

पूर्वपीठिका : द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण हे खाते लोकनियुक्त मंत्र्यांकडे आले. मुंबई इलाख्यात 1923 च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा ताबा स्थानिक संस्थांच्या शाळा मंडळांना मिळाला. स्थानिक संस्थांवर असा भार सोपवण्याच्या धोरणावर हार्टोग समितीने 1929 मध्ये टीका केली. बा. गं. खेर मंत्रिमंडळाच्या काळात, 1938 च्या दुरुस्तीने, शाळा मंडळाचा प्रशासन अधिकारी सरकारी नोकर झाला. 1947 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमात हीच दिशा कायम राहिली. (मराठवाडा त्या वेळी हैदराबाद संस्थानात आणि विदर्भ मध्य प्रांतात असल्याने तेथील घडण वेगळी होती.)

जिल्हा परिषदांचा काळ : वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर 1961 चा अधिनियम झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. धोरणासाठी शिक्षण समिती आणि तिचा सभापती, तर अंमलासाठी मुख्य कार्यकारी अधिकारी व शिक्षणाधिकारी, अशी कागदावरची विभागणी होती. बदल्यांच्या मोसमात, म्हणजे मे महिन्यात, ही रेषा पुसट होई. 1967 च्या जिल्हा सेवा वर्तणूक नियमांनुसार सेवेच्या बाबतीत बाहेरचे वजन आणणे हे गैरवर्तन ठरते. तरीही शिफारसपत्रांचा ओघ थांबला नाही. पुढे समुपदेशनाने बदल्या सुरू झाल्या. ज्येष्ठतेनुसार शिक्षकांना बोलावून रिक्त जागा समोर ठेवल्या जात. रिक्त जागांच्या यादीत कोणती शाळा दाखवायची, हा प्रश्न उरलाच.

संगणकीय बदल्या : ग्रामविकास विभागाच्या 27 फेब्रुवारी 2017 च्या शासन निर्णयाने बदल्यांचे सूत्र जिल्ह्याच्या हातून राज्यस्तरीय संगणक प्रणालीकडे गेले. जिल्ह्यातील गावांची ‘अवघड’ आणि ‘सर्वसाधारण’ अशी वर्गवारी झाली. अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढलेला शिक्षक ‘बदली अधिकारप्राप्त’ ठरला. दुर्धर आजार, अपंगत्व, वैधव्य अशा कारणांसाठी विशेष संवर्ग भाग 1 आणि पतिपत्नी एकत्रीकरणासाठी भाग 2 करण्यात आला. अधिकारप्राप्त शिक्षक ‘बदलीपात्र’ सहकाऱ्याची जागा मागू शके. याला शिक्षकांनी खेळातला शब्द दिला, ‘खो’. 2018 मध्ये हजारो शिक्षकांना नव्या शाळा मिळाल्या. ज्यांना पसंतीची शाळा मिळाली नाही ते ‘विस्थापित’ म्हणवले गेले आणि अनेकांनी न्यायालयाची दारे ठोठावली. 7 एप्रिल 2021 च्या निर्णयाने धोरण सुधारण्यात आले.

या पद्धतीने शिफारसपत्राची किंमत नक्कीच घसरली; हस्तक्षेपाने मात्र जागा बदलल्या. गाव अवघड यादीत असावे की नसावे, यावर ओढाताण होऊ लागली. पतिपत्नींच्या शाळांतील अंतर आणि वैद्यकीय प्रमाणपत्रे यांच्या खरेपणाबद्दल तक्रारी झाल्या, पडताळण्या झाल्या. प्रणालीबाहेरची प्रतिनियुक्ती हा पळवाटेचा जुना मार्ग : शिक्षकाचे नाव एका शाळेच्या हजेरीपटावर, काम दुसरीकडे. 2022 मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपून कारभार प्रशासकांकडे गेला. परिषदेच्या सदस्याच्या हातची सूत्रे अशी दुहेरी सुटली. आमदार आणि मंत्री यांचे वजन उरले.

अन्य राज्ये : कर्नाटकाने 2007 मध्ये शिक्षकबदल्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. हस्तक्षेप भरतीत शिरला की परिणाम अधिक गंभीर होतात. हरियाणात 3,206 कनिष्ठ शिक्षकांच्या भरतीतील गैरव्यवहारासाठी माजी मुख्यमंत्री ओमप्रकाश चौटाला यांना 2013 मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. पश्चिम बंगालमधील 25 हजारांहून अधिक शालेय नेमणुका सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये रद्द ठरवल्या.

मूल्यमापन : 1923 पासूनच्या प्रत्येक सुधारणेने बदलीचे सूत्र एका हातातून काढून दुसऱ्या हाती दिले : शाळा मंडळाकडून सरकारी अधिकाऱ्याकडे, तेथून जिल्हा परिषदेकडे, नंतर संगणकाकडे. सोयीच्या आणि गैरसोयीच्या शाळांतील अंतर मात्र फारसे घटले नाही. रस्ता, शिक्षकनिवास आणि पुरेशी पदे यांवाचून अवघड गाव अवघडच राहते. तेथून निघण्याची धडपड चालू असेपर्यंत शिफारशीला गिऱ्हाईक मिळते आणि दुर्गम शाळेच्या वर्गाला दर काही वर्षांनी नवा गुरुजी.