निष्पाप बालकांच्या सणाची वर्गणी

१९१८ सालीं महायुद्धाच्या तोफा थांबल्या, तरी जर्मनीची नाकेबंदी १९१९ च्या जुलैपर्यंत पुरती उठली नव्हती. व्हिएन्नांत दुधावांचून अर्भकें वाळत होतीं. शत्रूच्या मुलांस घास द्यावा काय, असें विलायतेंत उघडपणें विचारलें जाई. एग्लंटाइन जेब ह्या बाईंनीं उपाशी बालकाचें छायाचित्र असलेलीं पत्रकें लंडनांत वांटलीं, म्हणून त्यांस पांच पौंड दंड झाला! त्याच वर्षीं त्यांनीं व त्यांच्या भगिनी डॉरोथी बक्स्टन यांनीं 'सेव्ह द चिल्ड्रेन फंड' स्थापिला.

जेबबाई आंग्लपंथी, तरी त्या साहाय्य मागण्यास रोमला गेल्या, आणि पोप पंधरावे बेनेडिक्ट महाराज यांनीं त्यांचें म्हणणें आस्थेनें ऐकून घेतलें. महाराजांनीं २४ नोव्हेंबर १९१९ च्या परिपत्रकानें जगांतील बिशपांस कळविलें कीं, २८ डिसेंबरीं, निष्पाप बालकांच्या सणीं, मध्य युरोपांतील मुलांकरितां प्रार्थना व वर्गणी करावी. हेरोदाच्या क्रौर्यास बळी पडलेल्या बालकांचा दिवस निवडण्यांत केवढें औचित्य! पुढील वर्षीं, १ डिसेंबरच्या पत्रांत, त्यांनीं स्वतः एक लाख लिरा देऊन ह्या फंडाची नांवानिशीं प्रशंसा केली. कॅथॉलिक नसलेल्या संस्थेस असा मान क्वचितच मिळाला असेल.

अन्न व द्रव्य संपून जातें, हें ओळखून जेबबाईंनीं मुलांच्या हक्कांचीं पांच कलमें लिहिलीं. संकटांत पहिली मदत मुलास मिळावी, हें त्यांतील एक. राष्ट्रसंघानें तीं १९२४ सालीं जिनीव्हा येथें मान्य केलीं. त्याच बीजापासून १९८९ चा बालहक्कांचा करार उपजला, व १९९० सालीं पोपपीठानेंही त्यास संमति दिली.