मोंबासा ते नैरोबी : एका लोहमार्गाचा इतिहास

पूर्व आफ्रिकेंतील केनिया देश पाहावयास जाणारा प्रवासी बहुधा तीन हेतु मनांत धरून जातो. मोकळ्या रानांत सिंह, हत्ती, जिराफ पाहावे. विस्तीर्ण माळ व सीमेपलीकडील किलिमांजारोचें हिमशिखर पाहावें. आणि नैरोबीसारख्या गजबजलेल्या शहरांत चार दिवस राहावें. हे तिन्ही हेतु उत्तमच आहेत. परंतु या तिहींना जोडणारी एक चौथी गोष्ट आहे, ती म्हणजे हिंदी मजुरांच्या हातांनीं घातलेला लोहमार्ग. त्याचा इतिहास ठाऊक नसेल, तर तेथील पुष्कळसें डोळ्यांना दिसूनही समजावयाचें राहतें.

व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत पोहोंचावें व युगांडावरील आपली पकड घट्ट करावी, या उद्देशानें इंग्रज सरकारनें १८९६ सालीं मोंबासाहून हा मार्ग बांधावयास घेतला. किनाऱ्यामागें लगेच तारूचें निर्जल, कांटेरी रान लागतें. पुढें त्सेत्से माशीच्या दंशानें बैल व घोडे मरत. पुरेसे मजूर तेथें मिळेनात, म्हणून ते हिंदुस्थानांतून नेण्यांत आले. बहुतेक पंजाबचे, करारपत्रावर अंगठा उमटवून कराची बंदरांतून गलबतांत चढलेले. त्यांत खोदकाम करणारे होते, तसेच गवंडी, लोहार, सुतार आणि कारकूनही होते. एकंदर संख्या सुमारे ३२,००० भरली. सुमारे ५८० मैलांचा हा मार्ग डिसेंबर १९०१ मध्यें सरोवराच्या कांठीं, आजच्या किसुमू येथें, पोहोंचला.

वाटेंत त्सावो नदी लागते. तिच्यावर १८९८ सालीं पूल बांधला जात असतां आयाळ नसलेल्या दोन नरसिंहांनीं मजुरांच्या छावणींत उच्छाद मांडला. रात्रीं तंबूंतून माणसें ओढून नेलीं जात. कांटेरी कुंपणें घातलीं, आगी पेटविल्या. कशाचाही उपयोग होईना. शेंकडों मजूर मिळेल त्या गाडीनें पळाले व काम सुमारे तीन आठवडे बंद पडलें. पुलाचे एंजिनियर पॅटर्सन यांनीं डिसेंबरांत दोन्ही सिंह मारले. बळी पडलेल्या हिंदी मजुरांची संख्या त्यांनीं १९०७ च्या आपल्या पुस्तकांत २८ दिली. आफ्रिकी बळींची मोजदाद झाली नव्हती. पुढें त्यांनींच १३५ हा आंकडा सांगितला. अलीकडे सिंहांच्या हाडांची व केसांची परीक्षा करून शास्त्रज्ञांनीं सुमारे ३५ चा अंदाज केला आहे. १९२४ सालीं त्यांचीं कातडीं शिकागोच्या फील्ड म्यूझियमनें विकत घेतलीं. पेंढा भरलेले ते सिंह आजही तेथें पाहावयास मिळतात.

परंतु सिंहांहून अधिक माणसें रोगराईनें, उन्हानें व अपघातांनीं नेलीं. या कामावर एकंदर २,४९३ हिंदी मजूर मृत्यु पावले. हिशेब केला तर दर मैलाला चारांहून अधिक! सहा हजारांवर माणसें निकामी होऊन परतलीं. सिंहांची कीर्ति जगभर झाली. या माणसांचीं नांवें किती प्रवाशांस ठाऊक असतील?

मे १८९९ मध्यें रूळ मोंबासापासून सव्वातीनशें मैलांवरील एका दलदलीच्या माळावर आले. मसाई लोक त्या जागेला थंड पाण्याची जागा म्हणत. त्यांच्याच शब्दावरून ‘नैरोबी’ हें नांव पडलें. पुढें चढणीचा अवघड घाट होता. म्हणून सपाट भूमीवर कारखाने व कोठारें उभारलीं. तंबूंच्या त्या वस्तीचें शहर झालें व १९०५ सालीं राज्यकारभाराचें ठाणें मोंबासाहून तेथें आलें. १९२० पर्यंत तेथें रुपया चाले. गाडीला ‘गारी’, विम्याला ‘बीमा’ असे शब्द स्वाहिली भाषेंत आजही आहेत. मजुरांपैकीं सुमारे ६,७०० तेथेंच राहिले. मात्र आजचे हिंदी वंशाचे बहुतेक लोक मागाहून व्यापारासाठीं गेलेल्यांचे वंशज होत.

या लोहमार्गाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रूळ आले, त्यांच्या पाठोपाठ गोरे जमीनदार आले. १९०४ व १९११ च्या करारांनीं मसाईंना त्यांच्या उत्तम कुरणांतून हलविण्यांत आलें. आणि सुपीक उंचवट्यांवरील जमिनी घेण्यास हिंदी माणसाला मज्जाव झाला. ज्यानें वाट बांधली त्याला शेत नाहीं, व ज्याची भूमि त्याला कुरण नाहीं, असा तो न्याय होता!

पुढें १९४६ सालीं नैरोबीच्या वेशीला लागून देशांतलें पहिलें राष्ट्रीय उद्यान व १९४८ सालीं त्सावोचें उद्यान स्थापन झालें. १९६३ सालीं देश स्वतंत्र झाला. २०१७ सालीं चीनच्या साह्यानें मोंबासा-नैरोबी हा नवा लोहमार्ग सुरू झाला. हत्तींना खालून जातां यावें म्हणून त्सावोंत त्याला मार्ग ठेविले आहेत. त्याच्या पुढच्या टप्प्याची गाडी तर २०१९ पासून नैरोबी उद्यानावरून उंच पुलानें जाते. त्याच २०१७ सालीं तेथील आशियाई समाजाला देशाचा ४४ वा समाज म्हणून सरकारनें मान्यता दिली. पहिले मजूर उतरल्याला तेव्हां १२० वर्षें उलटून गेलीं होतीं.

म्हणून केनियास जाणाऱ्यांस माझी एवढीच सूचना आहे. सिंह अवश्य पाहा. परंतु गाडी त्सावो ओलांडूं लागली म्हणजे क्षणभर खालच्या भूमीकडेही पाहा. आपल्या लोकांच्या इतिहासाचें एक पान तेथें पडलेलें आहे.