सुस्पष्ट प्रतिमेचा ध्यास
इ. स. 1947 मध्ये इंग्लंडातील रग्बी येथे एका विद्युत् कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत असलेले हंगेरियन शास्त्रज्ञ डेनिस गॅबर यांच्यापुढे जो प्रश्न होता तो होलोग्राफीशी आज जोडल्या जाणाऱ्या त्रिमिती चित्रांचा नव्हताच. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला अणू का दिसू नयेत, हा होता. चुंबकीय भिंगांचे गोलीय विपथन नेहमीच्या रचनेत अटळ आहे, असे ऑटो शेर्झर यांनी 1936 मध्येच सिद्ध केले होते. तेव्हा भिंग सुधारण्याचा नाद सोडून, सदोष तरंगाचीच तीव्रतेसह व कलेसह संपूर्ण नोंद व्यतिकरणाच्या रूपाने पट्टिकेवर दाखल करावी, आणि दोषाचे परिमार्जन मागाहून प्रकाशाकडून करून घ्यावे, अशी विलक्षण युक्ती त्यांनी योजिली; हीच होलोग्राफी, आणि ती नोंद म्हणजे होलोग्राम. मात्र मूळ प्रतिमेवर तिचीच जुळी प्रतिमा पडून चित्र डागळे. मिशिगन विद्यापीठातील एमेट लीथ व युरिस उपात्निएक्स यांनी 1962 मध्ये व्यतिकरणासाठी लागणारी संदर्भशलाका तिरपी टाकून ही जुळी प्रतिमा बाजूस सारली.

पुढे 1994 मध्ये जर्मनीत श्नार्स व युप्टनर यांनी पट्टिकेच्या जागी सीसीडी संवेदक बसवून प्रतिमेची पुनर्रचना संगणकावर सोपविली. रसायनांचा व्याप गेला, पण सूक्ष्मतेचा पूर्वापार वतनहक्कही गेला, कारण जी पट्टिका एका मिलिमीटरात हजारो रेषा धारण करी, तिच्या जागी आलेल्या संवेदकाला शंभराच्या आतच थांबावे लागे. शिवाय तरंगलांबीला अंतराने गुणून संवेदकाच्या रुंदीने भागले असता जे येते, त्याहून फारसा बारीक तपशील भिंगाविना हाती लागत नाही: 0.633 मायक्रोमीटरचा तांबडा लेसर, अर्ध्या मीटरवरची वस्तू आणि 10 मिलिमीटरचा संवेदक घेतला, तर ही मर्यादा सुमारे 32 मायक्रोमीटर भरते.

या दारिद्र्यावरचा जो उपाय मला सर्वांत मनोहर वाटतो, तो लीथ यांच्याच पूर्वीच्या क्षेत्रातून, म्हणजे रडारमधून आलेला आहे. विमान पुढे सरकत असता लहान अँटेनाने टिपलेले प्रतिध्वनी त्यांच्या कलांसह जोडले की ती अँटेना जणू कित्येक पटींनी लांब होते. त्याचप्रमाणे संवेदक सरकवून, अथवा वस्तूवरील प्रकाशाची दिशा पालटून घेतलेले अनेक होलोग्राम संगणकात एकत्र सांधले, म्हणजे एरवी निसटणारे मोठ्या कोनांचे किरणही हिशेबात येतात आणि प्रतिमेला नवी धार चढते. मात्र या सर्व नोंदी पूर्ण होईपर्यंत वस्तूने स्थिर राहिले पाहिजे, आणि जिवंत पेशी ती सवलत क्वचितच देते. म्हणून एकाच नोंदीत अनेक दिशांचे किरण सामावून घेण्याच्या रीती संशोधक शोधीत आले आहेत.