‘लिलाव’ हा शब्द आला कुठून?

परवा आमच्या गावात गाळ्यांचा लिलाव झाला. झाला म्हणजे, होऊन गेल्यावर आम्हाला कळला! नोटीस लावली होती म्हणे. बघायला गेलो तर ती आतल्या खोलीत, कपाटाच्या आडोशाला. बातमी टाइप करताना ‘लिलाव’ या शब्दापाशी अडलो. म्हटलं, हा मूळचा कुठला?

तर मंडळी, हा शब्द पोर्तुगीजांनी आणलेला. त्यांच्याकडे ‘लैलांव’. १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतलं. १५८३ ते १५८८ गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्सखोटेन याने लिहून ठेवलंय, की शहराच्या मुख्य रस्त्यावर रोज सकाळी हा बाजार भरायचा. अरबी घोडे, मसाले, गालिचे विकले जायचे. आणि गुलाम म्हणून माणसंसुद्धा.

तिथून शब्द पसरला. मराठीत लिलाव, गुजरातीत लिलाम, हिंदीत नीलाम, बंगालीत निलाम. समुद्रापलीकडे मलेशियात लेलोंग, इंडोनेशियात लेलांग. आता दिल्लीवर पोर्तुगीजांचं राज्य कधीच नव्हतं, तरी शब्द तिथे पोचलाच. कारण असे शब्द व्यवहाराच्या पाठीवर बसून फिरतात. पद्धत सोयीची वाटली की तिचं नावही माणसं उचलतात.

पण पोर्तुगीजांचाही तो स्वतःचा नाही! ७११ पासून काही शतकं त्या भागात अरबी भाषिकांची सत्ता होती. त्यांच्या ‘अल्-इलाम’वरून तो आला, असं अभ्यासक मानतात. इलाम म्हणजे कळवणं, जाहीर करणं. आपल्या बोलण्यातले ‘मालूम’ आणि ‘तालीम’ त्याच अरबी धातूचे. म्हणजे लिलावाच्या मुळाशी पैसा नाही, लोकांना मालूम करणं आहे.

जुन्या माणसांना हत्ता पद्धत आठवत असेल. रुमालाखाली दलाल-व्यापाऱ्यांची बोटं हलायची आणि माल ज्याचा, त्या शेतकऱ्यालाच भाव कळायचा नाही. म्हणून तर बाजार समित्यांत उघड लिलावाचा आग्रह धरला गेला. चार लोकांसमोर बोली, मोठ्याने.

मग कपाटाआड नोटीस लावून जे झालं, त्याला काय म्हणायचं? बातमीत मी ‘लिलाव’च लिहिलं, दुसरा शब्द सुचला नाही. तुम्हाला सुचतोय का? आणि हो, ती नोटीस तुमच्यापैकी कुणी पाहिली होती का, तेही सांगा.